गाडी खाली बसवली, आता चाकं कुठली? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : काका, मामाची २००१ची होंडा सिटी माझ्याकडं आलीय, १.३ वाली, इंजिन अजून घड्याळासारखं चालतंय. दोन महिन्यांपूर्वी लोअरिंग स्प्रिंग टाकून पुढून-मागून साधारण ४० मिमी खाली घेतली, आता १३ इंची चाकं त्यात एकदम बारकी दिसतात, मित्र म्हणतात पैलवानाला बाळाचे बूट घातलेत. एक ओळखीचा १७ इंची मॅगव्हील (अलॉय चाकं) वापरलेले द्यायला तयार आहे, साडेसात इंच रुंद, मागं ईटी २५ लिहिलंय, त्यावर २०५/४० टायर चढवलेलेच आहेत, भावपण बरा आहे. माझ्या जुन्या रिमवर १३ x ५ आणि ४५ कोरलंय, टायर १७५/७० आर १३. रोज होटगी रोडवरून अक्कलकोट रोड एमआयडीसीला जातो, रविवारी घरच्यांना घेऊन तुळजापूर नाहीतर अक्कलकोट. घेऊ का नको, लवकर सांगा, तो थांबायला तयार नाही. वय २४. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : वय लिहिलंस म्हणून सरळ अरे-तुरे करतो. नको घेऊस. आणि जो माणूस "आजच घे" म्हणतो त्याच्याकडनं तर टायरची ट्यूबपण घेऊ नये.

आता का नको ते सांगतो, कारण नुसतं नको म्हणलं की तू दुसऱ्या कुणाला तरी विचारणार आणि तो घे म्हणणार.

पहिलं म्हणजे टायरची उंची. १७५/७० आर १३ म्हणजे रबराची बाजू १७५ च्या ७० टक्के, म्हणजे १२२.५ मिमी, ती वर आणि खाली धरून २४५, आणि मधली १३ इंची रिम ३३०, झालं पूर्ण चाक साधारण ५७५ मिमी. हाच हिशोब २०५/४० आर १७ ला लाव, १६४ अधिक ४३२, म्हणजे ५९६. एकवीस मिमी मोठं चाक, म्हणजे वरच्या बाजूला दहा मिमी जास्त. तू स्प्रिंग टाकून व्हील आर्चमधली, म्हणजे मडगार्डखालच्या चाकाच्या पोकळीतली, जागा ४० नं कमी केलीस आणि आता त्यातच दहा मिमी मोठं चाक घालायला निघालास. शिवाय मीटर चुकणार, काटा ८० वर असताना गाडी खरी ८३ च्या आसपास पळत असणार. आणि १.३ च्या इंजिनला हे जड चाक फिरवायचंय, सिग्नलला पिकअप बसलेला तुलाच कळेल.

दुसरं ऑफसेट, ईटी म्हणतात ते, आणि खरी गोची इथंच आहे. रिमच्या रुंदीची मधली रेषा आणि हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बोल्टनं बसतं तो) टेकणारी पाटी यातलं अंतर म्हणजे ईटी. आकडा जेवढा लहान तेवढं चाक बाहेर येतं. अंदाज काढायला टायरच्या रुंदीचा अर्धा घे आणि त्यातून ईटी वजा कर, म्हणजे हबच्या पाटीपासून टायर बाहेर किती येतो ते कळतं. तुझं आत्ताचं, साडेसत्याऐंशी वजा ४५, साडेबेचाळीस. त्या १७ इंचीचं, साडेएकशेदोन वजा २५, साडेसत्याहत्तर. पस्तीस मिमी बाहेर! एका बाजूला साडेतीन सेंटीमीटर म्हणजे मडगार्डच्या काठाच्या बाहेर, आणि गाडी आधीच खाली, म्हणजे पहिल्या खड्ड्यात मडगार्डची धार टायरच्या खांद्यावर बसणार. ती धार सुरीसारखी असते बरं, टायर सोलून काढते. शिवाय चाक इतकं बाहेर आलं की बेअरिंगवर ताण वाढतो आणि स्टिअरिंग रस्त्यातल्या प्रत्येक खाचेला हाताला हिसका देतं.

तिसरं, ८२ मिमीची साईडवॉल, म्हणजे रबराची बाजू. साखर कारखान्याच्या सीझनला मंद्रूपकडं गेलास तर माहितीय, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर आणि त्यांनी उखडलेला रस्ता. एवढ्या पातळ टायरवर खड्डा बसला की रिम वाकते नाहीतर टायरला बाजूनं फुगा येतो, आणि फुगा आला की टायर गेला, तो दुरुस्त होत नाही.

मग घ्यायचं काय? माझं मत विचारशील तर १५ इंच, साडेसहा रुंद, ईटी ३८ च्या आसपास, आणि टायर १९५/५० आर १५. उंचीचा हिशोब कर, १९५ अधिक ३८१, म्हणजे ५७६. कंपनीपेक्षा एक मिमी, मीटरला पत्तापण लागणार नाही. बाहेर येणार साडेसत्त्याण्णव वजा ३८, म्हणजे साडेएकोणसाठ, कंपनीपेक्षा सतरा मिमी जास्त, आत तीन मिमी. रुंद रिमवर टायर अजून थोडा पसरतो, ते एक-दोन मिमी वरचे धर. मॅगव्हील भरलेलं दिसतं आणि गाडी रोजच्या वापरात राहते. भार पेलायचा आकडापण बघ, तुझ्या १३ इंचीवर ८२ लिहिलेलं असतं, म्हणजे एका टायरला ४७५ किलो, आणि १९५/५० आर १५ लापण ८२ च मिळतो. त्याच्या खाली जायचं नाही, घरचे सगळे बसतात म्हणालास ना.

खर्च कमी करायचा असेल तर १४ वर १८५/६०, तोपण ५७८ च्या आत बसतो, रबर जास्त, खड्ड्याला बरा. मित्र नावं ठेवतील, ठेवू देत, पंक्चर ते काढायला येणार नाहीत.

पण हे सगळं कागदावरचं झालं. दोन गाड्या सारख्या नसतात, त्यात पंचवीस वर्षांची गाडी, बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातले रबर) झिजलेले, एखादं मडगार्ड कधीतरी ठोकून सरळ केलेलं, तेव्हा डावी-उजवी बाजूपण सारखी नसते. म्हणून मोजायचं. मी करतो तो उद्योग सांगतो, हसू नकोस. घरातनं कणकेचा गोळा घ्यायचा, सुपारीएवढे तुकडे करायचे आणि व्हील आर्चच्या आत वरच्या बाजूला, मडगार्डच्या काठाला आतून आणि शॉकअपच्या नळीला टायरसमोर चिकटवायचे. (ज्वारीचं पीठ नको, ते सुकलं की चिरतं आणि गळून पडतं, एकदा भाकरीच्या पिठावर भागवायला गेलो आणि बायकोनं दोन्हीकडनं ऐकवलं.) मग मागं तीन आणि पुढं दोन माणसं बसवून एका मोठ्या गतिरोधकावरनं हळू न्यायची, मैदानात स्टिअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवून गोल फिरवायची. घरी येऊन तुकडे बघ. जिथं कणीक चपटी होऊन सात-आठ मिमीच्या खाली आलीय तिथं तुला जागा नाही. जुन्या चाकांवर हे एकदा केलंस की नव्या चाकाला किती जागा उरते ते वजाबाकीनं कळतं, दुकानदाराला विचारायची गरज नाही.

आणि पैसे द्यायच्या आधी एक चाक पुढं आणि एक मागं लावून बघायला माग. नाही म्हणला तर राम राम.

आता लावताना. तुझ्या गाडीची पीसीडी ४ x १००, म्हणजे चार बोल्ट १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर, हबचा मधला गोल ५६.१ मिमी. बाजारातल्या बऱ्याच मॅगव्हीलचं भोक ७३.१ असतं, कारण एकच रिम दहा गाड्यांना विकायची असते. मधली फट भरायला हब रिंग लागते. माझ्या पहिल्या मॅगव्हीलला ही रिंग कुणी दिली नव्हती आणि मला विचारायची अक्कल नव्हती, मोहोळच्या पुढं ८५ चा वेग झाला की स्टिअरिंग थरथरायचं, तीन वेळा बॅलन्सिंग केलं, टायरवाला टायरला शिव्या घालायचा आणि मी टायरवाल्याला. शेवटी एका लेथवाल्यानं अॅल्युमिनियमच्या चार रिंगा कातून दिल्या आणि थरथर त्याच दिवशी बंद झाली.

नटांचंपण तसंच. होंडाचे मूळ नट गोल बुडाचे असतात, बाहेरच्या मॅगव्हीलला बहुतेक वेळा निमुळते लागतात. जुनेच नट आवळले तर टेकतात नावापुरते, सैल होत जातात. नवा सेट घे, १२ x १.५ आट्याचा, निमुळता. पन्नास-शंभर किलोमीटर फिरल्यावर परत एकदा पाना मारायचा, हे विसरू नको.

स्प्रिंग टाकल्यावर अलाइनमेंट केलंस का ते लिहिलं नाहीस. नसेल तर नवीन टायर घालायच्या आधी कर. गाडी खाली आली की टो, म्हणजे चाकं वरून बघितली तर आत-बाहेर किती वळलेली ते, हलतो आणि टायर आतल्या बाजूनं चार-सहा महिन्यांत टकला होतो, बाहेरनं बघितलं तर नवाच दिसतो.

राहिलं पासिंग. कंपनीच्या मूळ मापात बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतं आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका बदलाला ५ हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीपण होऊ शकतं. २००१ ची गाडी म्हणजे दर पाच वर्षांनी आरटीओत जाणं आलंच, म्हणून मूळ स्प्रिंग आणि १३ इंची चाकं भंगारात देऊ नकोस. माळ्यावर ठेव, आई ओरडली तरी.

प्रश्न : बाबांची जुनी गाडी वर्षातून चार वेळा बाहेर निघते, गड्ड्याच्या यात्रेला, दिवाळीला वगैरे. टायरची नक्षी नव्यासारखी आहे, पण मेकॅनिक म्हणतो चारही बदला. तो फसवतोय का? (एक वाचक, विजापूर रोड)

उत्तर : ताई, या वेळेला बहुतेक तो खरं बोलतोय. टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, ते वाचा. २३१४ असेल तर २०१४ सालचा तेविसावा आठवडा. हे आकडे कधी कधी आतल्या बाजूला असतात, मोबाईलची बॅटरी लावून वाकून बघावं लागतं. नक्षी चालवून झिजते, रबर मात्र उभ्या गाडीचंही म्हातारं होतं, आणि आपल्याकडं मे महिन्यात ४३-४४ अंशात उघड्यावर उभी गाडी म्हणजे लवकर होतं. नखानं दाबून बघा, दगडासारखं लागलं आणि साईडवॉलवर केसासारख्या चिरा दिसल्या तर बदला. दहा वर्षांच्या पुढचा असेल तर चिरा दिसल्या नाहीत तरी बदला. स्टेपनी विसरू नका, ती सगळ्यात म्हातारी असते.

हवा सकाळी, गाडी थंड असताना भरायची. दुपारी तापल्यावर मोजलं तर आकडा तीन-चारनं जास्त दिसतो आणि लोक तिथंच हवा सोडून मोकळे होतात.

प्रश्न : चाक थोडं बाहेर दिसावं म्हणून १० मिमीचा स्पेसर (हब आणि चाकाच्या मधली चकती) लावला, नट बसतोय पण लवकर आवळला जातो. चालेल का? (एक वाचक, बाळे)

उत्तर : नट किती आटे फिरतो ते मोज. १२ x १.५ च्या बोल्टवर हातानं सात-आठ आटे तरी बसायला हवेत. चार-पाचवरच घट्ट झाला तर आजच काढ, गाडी उद्या चालव.