सहा नंबरचा मुलगा नेमकं करतो काय?

तुम्ही विचारलंय: मुलाच्या जर्सीवर ११ आहे, तरी नेरूळच्या मैदानावरचे फुटबॉल कोच त्याला 'आपला सहा नंबर' का म्हणतात? टीम ४-३-३ खेळते म्हणजे काय? आणि तो गोल का करत नाही?

शेवटचं आधी. तो गोल करत नाही, कारण त्याला दिलेलं काम वेगळं आहे.

४-३-३ हे आकडे आपल्या गोलकडून वाचायचे, गोलकीपर धरायचा नाही. चार बचावाला, तीन मधे, तीन पुढे. मधल्या तिघांपैकी एक जण सहसा बचावफळीच्या लगेच पुढे राहतो, तो 'सहा'. हा आकडा जुन्या २-३-५ च्या काळातला, तेव्हाचे जर्सी नंबर असे: २ आणि ३ बॅक म्हणजे बचावाचे, ४-५-६ हाफ म्हणजे मधले, ७ ते ११ पुढचे पाच. नंतर जागा बदलल्या, आकडे चिकटून राहिले.

पुढच्या सामन्यात दहा मिनिटं बॉल सोडा आणि फक्त मुलाकडे बघा. लेफ्ट बॅक (बचावातला डावीकडचा) हुरूपाने वर पळाला, की तो डावीकडे सरकून ती रिकामी जागा झाकतो का? मी ऐरोलीत कॉलनीच्या टीमला याच जागेवर खेळायचो आणि बॉल जाईल तिकडे धावायचो. आमचे सर मागे उभे राहून कधी पिवळं, कधी लाल बिब (सरावाचं बिनबाह्यांचं जाकीट) वर धरायचे. पास पायात यायच्या आत मान वळवून रंग सांगायचा. चुकला की मैदानाला एक फेरी. पहिल्या आठवड्यात इतक्या फेऱ्या मारल्या की सहाचं काम मानेने करायचं असतं हे पायांनी शिकलो.

४-२-३-१ मध्ये मागे असे दोघं राहतात आणि एक जण सगळ्यात पुढच्या स्ट्रायकरच्या पाठीमागे 'दहा' म्हणून मोकळा सुटतो. ४-४-२ मध्ये मधे दोघंच, त्यामुळे समोर तिघं आले की एक माणूस कमी पडतो. तरी कोच आरिगो साक्कीच्या मिलान या इटलीच्या क्लबने त्याच ४-४-२ वर १९८९ आणि १९९० चा युरोपियन कप नेला. त्यांच्या फळ्या इतक्या जवळजवळ राहायच्या की मधे शिरायला जागाच उरायची नाही. बचावाला तिघंच ठेवले, तर अख्खी साइडलाइन विंगबॅकच्या, म्हणजे कडेने वर-खाली धावणाऱ्याच्या, गळ्यात पडते. २०१६-१७ ला कोच कॉन्तेने चेल्सी या इंग्लिश क्लबात व्हिक्टर मोझेस या विंगरला (कडेने हल्ला करणाऱ्याला) तिथे उभं केलं आणि लीग जिंकली.

पण आकड्यांवर फार विसंबू नका. २०१७ ला डी. वाय. पाटीलवर १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपची स्पेन-माली सेमीफायनल बघितली (स्पेन ३-१). वरच्या स्टँडमधून, म्हणजे खेळाडू मुंग्यांएवढे. पण टीव्हीवर कॅमेरा बॉलमागे धावतो, स्टँडमधून मात्र अख्खी टीम आकसताना आणि पसरताना दिसते. बॉल गेला की ४-३-३ चं ४-५-१ होतं, हल्ल्यात दोन्ही बॅक वर गेले की जवळपास २-३-५.

टर्फवर सात-सात खेळत असतील तर यातलं निम्मं विसरा. तिथे बहुतेक २-३-१ असतं, मधल्या तिघांतला मधला म्हणजे तुमचा मुलगा.

जर्सीवरचा ११ राहू द्या, छपाईचे पैसे गेलेतच.