‘तुमचं अ‍ॅड्रिनल थकलंय’ असं कुणी सांगितलंय का? थकवा, स्ट्रेस आणि कॉर्टिसोलबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी ३८ वर्षांची, हिंजवडीत आयटीत आहे. वर्षभर प्रचंड थकवा आहे, सकाळी उठवत नाही, दुपारी चारला डोळे मिटतात आणि रात्री मात्र टक्क जाग. इन्स्टावरच्या एका हेल्थ कोचनी लाळेची कॉर्टिसोल टेस्ट करायला लावली, रिपोर्ट बघून म्हणाली अ‍ॅड्रिनल फटीग आहे, स्टेज थ्री, सहा महिन्यांचा सप्लिमेंटचा कोर्स घे. घेऊ का?

नका घेऊ ताई. तुमचा थकवा खरा आहे, तो मनाचा खेळ नाही हे आधी सांगते, कारण अशा बायकांना घरी आणि दवाखान्यातही ‘काही नाही गं, टेन्शन घेतेस’ म्हणून वाटेला लावतात आणि मग त्या अशा कोचकडे जातात, ती निदान ऐकून तरी घेते. पण तिनी दिलेलं नाव चुकीचं आहे.

अ‍ॅड्रिनल या दोन छोट्या ग्रंथी, दोन्ही किडन्यांवर टोपीसारख्या बसलेल्या. त्या आपल्या मनानी कॉर्टिसोल, म्हणजे स्ट्रेस हार्मोन, सोडत नाहीत, मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाकडून मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला निरोप जातो, पिट्युटरी एसीटीएच नावाचं हार्मोन सोडते आणि ते पोचलं की अ‍ॅड्रिनल कॉर्टिसोल बनवते. स्ट्रेस वाढला की एसीटीएच वाढतं, कॉर्टिसोल वाढतं. आता ‘वर्षानुवर्षं स्ट्रेस घेऊन ग्रंथी दमते आणि कॉर्टिसोल आटतं’ ही जी थिअरी आहे ना, ती इथेच अडते, कारण एसीटीएचचा मारा चालू राहिला तर अ‍ॅड्रिनल सुकत नाही, उलट आकारानी वाढते. अ‍ॅड्रिनल फटीग हे नाव १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जेम्स विल्सन नावाच्या कायरोप्रॅक्टर-नॅचरोपॅथनी (म्हणजे मणक्यांवर हातानी उपचार आणि निसर्गोपचार करणाऱ्यानी) काढलं. २०१६ मध्ये ब्राझीलच्या दोन डॉक्टरांनी यावरचे ५८ अभ्यास एकत्र तपासले, तर कुठे कॉर्टिसोल कमी, कुठे जास्त, कुठे नॉर्मल, पद्धतींचाही मेळ नाही, आणि असा आजार असल्याचा पुरावा काही सापडला नाही.

मग स्ट्रेसचा कॉर्टिसोलवर परिणाम होतच नाही का, तर होतो ना. कॉर्टिसोल पहाटेपासून चढतं, उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठतं आणि मध्यरात्रीच्या आसपास तळाला जातं, आणि जागरण, नाइट शिफ्ट, सततची काळजी यांनी हा चढउतार बिघडू शकतो. पण बिघडतो तो ठेका, ग्रंथीची ताकद संपलेली नसते. लाळेची टेस्ट आम्ही डॉक्टरपण करतो बरं का, पण रात्री उशिराची, आणि ती कॉर्टिसोल जास्त असण्याचा म्हणजे कुशिंग नावाच्या आजाराचा संशय आला तर. त्यावरून थकव्याच्या ‘स्टेज’ ठरत नाहीत.

तुम्ही काय करा, सीबीसी, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची टेस्ट), बी१२, शुगर आणि क्रिएटिनिन करून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांना अ‍ॅनिमिया निघालाय, आणि हिमोग्लोबिन ठीक असतानाही फेरिटिन तळाला असू शकतं, पाळीला जास्त जात असेल तर फारच. शाकाहारी असाल तर बी१२ सोडूच नका. घोरता का ते नवऱ्याला किंवा रूममेटला विचारा, स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडणं) बायकांमध्ये ओळखायचा राहूनच जातो. आणि आवडीच्या गोष्टींतही मन लागत नसेल तर डॉक्टरांना तेही सांगा, डिप्रेशनची सुरुवात पुष्कळदा थकव्यानीच होते.

कोर्सला नको का म्हणतेय तेपण सांगते. २०१८ मध्ये अमेरिकेत दुकानात मिळणारी १२ ‘अ‍ॅड्रिनल सपोर्ट’ सप्लिमेंट तपासली, सगळ्याच्या सगळ्यांत टी३ हे थायरॉइड हार्मोन सापडलं आणि सातांत स्टेरॉइड हार्मोन. त्यामुळे चार दिवस तरतरी येतेही, पण ती कशानी आली हे घेणाऱ्याला कळत नाही.

प्रश्न : स्ट्रेस हार्मोन कमी करायला अश्वगंधा घेतली तर चालेल का?

काही छोट्या अभ्यासांत कॉर्टिसोल थोडं उतरलेलं दिसलंय, पण ‘नैसर्गिक आहे म्हणजे सेफ आहे’ असं धरून चालू नका, लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात. गरोदर असाल, थायरॉइडची गोळी चालू असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर नकोच. आणि थकव्याचं कारण शोधायच्या आधी तर अजिबात नको.

प्रश्न : मी न्यू जर्सीला असते. सकाळी आठचं कॉर्टिसोल ९ आलं, रेंजच्या खालच्या बाजूला आहे. म्हणजे अ‍ॅड्रिनल कमजोर आहे का?

९ (मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर, पुढचे आकडेही त्यातच) वरून कमजोर म्हणता येत नाही, पण एकदम सोडूनही देता येत नाही. सकाळचा आकडा ३ च्या खाली असेल तर कमतरता जवळपास नक्की, १५ च्या वर असेल तर सहसा नाही, मधल्यांना लक्षणं असतील तर एसीटीएचचं इंजेक्शन देऊन कॉर्टिसोल किती चढतं ते बघतात. इस्ट्रोजेनवाली गर्भनिरोधक गोळी घेत असाल तर आकडा उगाच जास्त दिसतो, केसांसाठी बायोटिन घेत असाल तर काही लॅबमध्ये रिपोर्ट फसतो, दोन्ही डॉक्टरांना सांगा. आणि दम्याचा पंप, सांध्यातलं इंजेक्शन, त्वचेचं क्रीम, कुठल्याही रूपात स्टेरॉइड घेतलं असेल तर तेही.

खऱ्या कमतरतेत, म्हणजे अ‍ॅडिसन नावाच्या आजारात, वजन उतरत जातं, उभं राहिल्यावर अंधारी येते, मिठाचं खावंसं वाटतं आणि रंग काळवंडतो. तळहाताच्या रेषा बघा, बोटांचे सांधे बघा, आरशात हिरड्या बघा, तिथे नवीन काळपटपणा असेल तर वाट बघत बसू नका. भारतात याचं एक मोठं कारण टीबी आहे, तेव्हा घरात कुणाला टीबी झाला असेल तर सांगायचं राहू देऊ नका.

प्रश्न : सांगलीहून लिहितोय. वडील ६७ वर्षांचे, गुडघेदुखीसाठी दीड वर्ष एकाकडून पुड्या घेत होते, गुण चांगला होता, चेहराही भरला होता. दोन आठवड्यांपूर्वी बंद केल्या. आता अंथरुणातून उठवत नाही, जेवण जात नाही, उलट्या होतात, बीपी ९० च्या आसपास. हे अ‍ॅड्रिनल फटीग असेल का?

यांचा मेल मिळाल्याबरोबर यांना ‘आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या’ म्हणून कळवलं, इथे छापतेय ते अशी घरं पुष्कळ आहेत म्हणून.

दादा, त्या पुड्यांत स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता आहे. दोन दिवसांत गुडघा मोकळा होणं, भूक वाढणं, चेहरा गोल होणं, हे सगळं स्टेरॉइडचं लक्षण, आपल्याकडे त्याला ‘तब्येत सुधारली’ म्हणतात. कॉर्टिसोलसारखंच काम करणारं हे स्टेरॉइड बाहेरून महिनोन्महिने मिळालं की पिट्युटरी एसीटीएच सोडायचं थांबवते, आणि एसीटीएच नाही म्हटल्यावर अ‍ॅड्रिनल खरोखरच आक्रसते. ही खरी बंद पडलेली ग्रंथी, आणि ती स्ट्रेसनी नाही, औषधानी बंद पडलेली असते. पुडी एकदम थांबली की शरीरात कॉर्टिसोलच नाही, सोडियम उतरतं, बीपी उतरतं, शुगरही उतरू शकते, आणि त्यात ताप किंवा जुलाब लागले तर जीव जाऊ शकतो. यात रंग काळवंडत नाही, म्हणून लवकर ओळखूही येत नाही.

कॅज्युअल्टीत गेल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा की दीड वर्ष अशी औषधं चालू होती आणि दोन आठवड्यांपूर्वी बंद केली, म्हणजे ते हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन द्यायला रिपोर्टची वाट बघत बसणार नाहीत. ‘पुड्या’ म्हणायला लाजू नका, डॉक्टर ओरडतील म्हणून लपवू तर मुळीच नका. पुढे स्टेरॉइडची गोळी चालू होईल, ती महिन्यामहिन्यानी हळूहळू कमी करतात, कधीकधी वर्षही लागतं, मधेच बरं वाटलं म्हणून सोडायची नाही, आणि ताप आला किंवा ऑपरेशन ठरलं तर डोस वाढवावा लागतो तो कसा हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. घरात पुड्या उरल्या असतील तर फेकू नका, सोबत न्या.