अ‍ॅनाटॉमी परत गेली, आता पुढं काय?

(या महिन्यात निकालांमुळं पत्रांचा ढीग आलाय, त्यातली मेडिकलची तीन घेतलीत. गावं आणि खुणा थोड्या बदलल्यात.)

ताई नमस्कार, मी तासगाव तालुक्यातला. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे, म्हणजे अजून पहिल्याच वर्षाला आहे. मेनला (मुख्य परीक्षेला) अ‍ॅनाटॉमी (शरीररचना) आणि बायोकेम (जीवरसायन) गेली, सप्लायला (म्हणजे फेरपरीक्षेला) बायोकेम निघाली पण अ‍ॅनाटॉमी परत उडाली. आता ज्युनियर बॅचमध्ये बसतोय, ती पोरं मला दादा म्हणतात आणि माझी बॅच वॉर्डात जाते. मेसला मुद्दाम उशिरा जातो, कुणी भेटायला नको. दहावीपर्यंत मराठी मिडियम. नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) निघाली तेव्हा गावात वेशीवर माझा फ्लेक्स लागलेला, 'भावी डॉक्टर' म्हणून, तो आता आमच्या बेदाण्याच्या शेडवर ताडपत्रीसारखा बांधलाय, वर बघितलं की माझंच तोंड दिसतंय. घरी सांगितलंय की निकाल राखीव ठेवलाय. पप्पांनी सोसायटीचं कर्ज काढलंय. झोप लागत नाही, कधी कधी वाटतं जगायलाच नको. मेडिकल सोडून द्यावं का? आणि सोडलं तर करू काय?

बाळा, अ‍ॅनाटॉमी थांबेल थोडी, आधी ते 'जगायलाच नको' घेऊ. असं वाटतंय हे तू लिहून मोकळा झालास ते बरं केलंस, पण मला लिहून भागणार नाही, माझं उत्तर छापून तुझ्या हातात पडेपर्यंत किती दिवस जातात बघ. आज रात्रीच रूम पार्टनरला नाहीतर ज्याच्याशी बरं जमतं त्याला हेच वाक्य जसंच्या तसं सांग, आणि १४४१६ ला फोन लाव. ती सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, चोवीस तास चालू असते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. विचार फारच जोर करत असला तर एकटं थांबायचं नाही, कुणाला तरी घेऊन सरळ कॅज्युअल्टी गाठायची. झोप उडालीय म्हणजे मानसोपचारवाल्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं. स्वतःच्या कॉलेजच्या ओपीडीत जायला लाज वाटत असेल तर सांगली-मिरजेत डॉक्टरांची कमी नाही, दुसरीकडं जा. हॉस्टेलवर बोलतात ना, की सायकियाट्रीचा केसपेपर निघाला की करिअरला डाग लागतो, ते काहीही आहे. एनएमसीच्या (म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) टास्क फोर्सनं २०२४ मध्ये पाहणी केली त्यात एमबीबीएसच्या साधारण २८ टक्के मुलांनी आपल्याला मानसिक त्रास असल्याचं सांगितलं होतं. म्हणजे तुझ्या बेंचवर चौघं बसत असतील तर त्यात तू एकटा नसशीलही.

आता घर. 'निकाल राखीव' हे जे सांगून ठेवलंयस ते तुला नापास होण्यापेक्षा जास्त खातंय असं मला तरी वाटतं, कारण प्रत्येक रविवारी त्याला नवीन ठिगळ लावायला लागतंय. फोनवर सांगू नको, आणि मामाच्या तोंडून तर अजिबात नको, मामा लोक अशा वेळी स्वतःचंच मत आधी घुसवतात. जाऊन सांग, एकदाच, आकड्यात सांग: दोन विषय गेलेले, एक निघाला, एक राहिलाय, एवढे चान्स उरलेत. शेतकरी माणसाला नुकसान समजतं रे, फळछाटणीनंतर अवकाळी झाला तर बाग कशी जाते हे तुझ्या पप्पांनी बघितलंय, त्यांना काय उरलंय ते कळलं की माणूस कामाला लागतो. चिडतील, दोन दिवस बोलणार नाहीत. चालतंय.

शेजारीपाजारी विचारतील 'केटी लागली व्हय?' म्हणून, तर त्यांना समजावत बसू नको, पण तुला हिशोब पक्का पाहिजे. इंजिनिअरिंगसारखं केटी म्हणून राहिलेला विषय घेऊन वर जायचं आपल्याकडं नाही, पहिलं वर्ष पूर्ण निघाल्याशिवाय दुसऱ्याला बसता येत नाही. एनएमसीच्या २०२३ च्या नियमांत पहिल्या वर्षाला जास्तीत जास्त ४ अटेम्प्ट आहेत, आणि सगळा कोर्स प्रवेश घेतल्यापासून ९ वर्षांत संपवायचा असतो. तुझे दोन गेले, म्हणजे ज्युनियरांबरोबरची मेन आणि तिची सप्लाय एवढं हातात आहे. आणि हे नीट लक्षात ठेव, पेपरला अर्धवट हजेरी लावली तरी तो अटेम्प्ट मोजला जातो. पेपर वन अवघड गेला म्हणून पेपर टूला दांडी मारून 'हा धरायचा नाही' असं ठरवणारी मुलं मी बघितलीत, त्यांचा तो धरला गेलाच.

मी आयुष्यभर अ‍ॅनाटॉमीच शिकवली, त्यामुळं इथं जरा लांबड लावते. नापास झाल्यावर पोरं 'माझी अ‍ॅनाटॉमी कच्ची आहे' म्हणतात आणि परत पहिल्या पानापासून वाचायला घेतात, याचा शून्य उपयोग. तू मार्कशीट काढून बघ, थिअरीत पडलास की प्रॅक्टिकलमध्ये. दोन्हीत वेगवेगळं पास व्हायला लागतं आणि वायवाचे (तोंडी परीक्षेचे) मार्क प्रॅक्टिकलमध्ये धरतात, त्यामुळं वायवा कितीही भारी झाली तरी ती थिअरीला टेकू देत नाही. थिअरीत पडला असशील (मराठी मिडियम म्हणालास म्हणून माझा अंदाज तोच आहे) तर विषय येत नाही असं नसतं, लिहिता येत नाही असं असतं. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि पेपरमध्ये पहिल्या इंग्रजी वाक्यालाच पेन अडकतं.

मग करायचं काय, तर चित्रातून लिहायचं. ब्रॅकियल प्लेक्सस, म्हणजे हाताला जाणाऱ्या नर्व्हचं जाळं, ते घे. पुस्तक बंद, हॉस्टेलच्या फरशीवर खडूनं काढ: सी फाइव्ह ते टी वन अशी पाच मुळं, त्यांचे तीन ट्रंक, प्रत्येकाचे दोन फाटे म्हणजे सहा डिव्हिजन, त्यातून परत तीन कॉर्ड, आणि शेवटी मोठ्या पाच नर्व्ह. न बघता निघालं की प्रत्येक रेषेवर एक साधं छोटं इंग्रजी वाक्य लिही, कर्ता-क्रियापद बास, अलंकार नकोत. अप्पर ट्रंकला इजा झाली की हात कसा लोंबतो ते एक वाक्य जोड. झालं तुझं लाँग क्वेश्चन. एक्झामिनर काय निबंध वाचत नाही, तो आकृती, नावं आणि क्लिनिकल शोधतो. असे विषयातले नेहमीचे टॉपिक काढ आणि रोज एक वेळ लावून लिहून डिपार्टमेंटमध्ये कुणा सरांना नाहीतर मॅडमना दाखव. पहिल्या दिवशी त्या तोंड वाकडं करतील, चौथ्या दिवशी स्वतःच विचारतील आज काय आणलंस.

आणि डिसेक्शन हॉलमध्ये मागं उभं राहायचं नाही. तुला ते आधी माहितीये, ज्युनियरना दाखव की मसल कुठली आणि नर्व्ह कुठली. दादा म्हणतात ना, मग हो दादा. शिकवताना जेवढं पाठ होतं तेवढं कशानंच होत नाही.

आता तुझा खरा प्रश्न, सोडू का. पास होता येत नाही म्हणून सोडणं आणि डॉक्टरकी नकोच म्हणून सोडणं या दोन गोष्टींची तू पार भेळ केलीयस. पहिल्याचं उत्तर पुढची मेन देईल, त्यासाठी आत्ता राजीनामा द्यायची गरज नाही. दुसऱ्याचं उत्तर अ‍ॅनाटॉमीत सापडत नाही, कारण अ‍ॅनाटॉमी म्हणजे डॉक्टरकी नाही. पहिल्या वर्षाला अर्ली क्लिनिकल एक्सपोजरसाठी तुम्हाला हॉस्पिटलमध्ये नेतात, तेव्हा तुला काय वाटलेलं ते आठव. पेशंटशी बोलावंसं वाटलं का, का घड्याळ बघत होतास? घड्याळ बघत असशील आणि झोप नीट लागायला लागल्यावरही तेच वाटत असेल, तर मेन पास होऊनसुद्धा सोडलंस तरी मी तुला नावं ठेवणार नाही. पण झोप उडालेली असताना हा निर्णय घ्यायचा नाही.

सोडलंच तर वाटा आहेत. फिजिओथेरपीला परत नीट परीक्षा द्यावी लागेल, कारण स्कोअर त्या वर्षापुरताच चालतो. बीएस्सी नर्सिंगला वेगळी सीईटी आहे. साधी बीएस्सी सांगलीत विलिंग्डनसारख्या कॉलेजात होते, पुढं मायक्रोबायोलॉजी वगैरे लाइन आहे. एमपीएससी करतो म्हणशील तर कुठली तरी डिग्री आधी लागतेच, तेव्हा 'मेडिकल सोडून थेट एमपीएससी' हे डोक्यातून काढ. आणि कर्जाचा आकडा पप्पांबरोबर बसून बघ, एकट्यानं कुढत बसू नको.

माझी मुलगी पहिल्या वर्षाला नापास झाली आणि आता म्हणते मला सायकॉलॉजी करायचंय, मेडिकल नकोच. मिस्टर म्हणतात भरलेली फी आणि बॉण्ड बुडेल. आम्ही साताऱ्यात असतो. काय करावं? – एक आई

ताई, तुमच्या मिस्टरांना म्हणावं अंदाजानं भांडू नका. प्रवेशाच्या वेळी सही केलेला कागद शोधा, सरकारी सेवेचा बॉण्ड वेगळा आणि सीट सोडण्याचा दंड वेगळा, लोक दोन्ही एकत्र करतात. एनएमसीनं जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना सीट सोडण्याचा बॉण्ड काढून टाका असं कळवलं होतं, पण तुमच्या लेकीच्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत काय आहे तेच लागू होणार, म्हणून कॉलेजच्या स्टुडंट सेक्शनला लेखी अर्ज देऊन लेखीच उत्तर घ्या. ओरिजिनल कागदपत्रं कधी परत मिळतील तेही त्यातच विचारा, दहावी-बारावीच्या मार्कशीट अडकल्या तर दुसरीकडं प्रवेशाला बोंब होते.

मुलीला एवढंच विचारा की सायकॉलॉजी म्हणजे तिला नक्की काय दिसतंय. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर नुसत्या बीएवर होत नाही, पुढं मास्टर्स आणि रिहॅबिलिटेशन कौन्सिलची मान्यता असलेला कोर्स करून नोंदणी घ्यावी लागते, म्हणजे वर्षं इकडंही जाणारच आहेत. हे ऐकूनही डोळे चमकले तर जाऊ दे तिला. भरलेली फी तर गेलीच आहे हो, ती वाचवायला अजून चार वर्षांची फी भरायची हे काय गणित झालं?

मॅडम, सप्लायला ४० दिवस आहेत, पुण्याचा ऑनलाइन क्लास लावू का?

नको. ४० दिवसांत क्लासचे व्हिडिओच बघून होणार नाहीत. जुने युनिव्हर्सिटीचे पेपर काढ आणि वरचं पहिलं उत्तर वाच, तुझं काम त्यातच आहे. क्लासचे पैसे झेरॉक्सला आणि दोन डझन उत्तरवह्यांना वापर.