वजन उतरलं, ताकदही उतरली: अजिंक्यताऱ्यावाल्या ताईंना उत्तर

ताई, तुमचं वाचलं आणि माझंच जुनं रडगाणं कुणीतरी परत लिहून काढलंय असं वाटलं. तुमचं वय अठ्ठावन्न, रोज सकाळी अजिंक्यतारा किल्ल्याची चढण, रात्रीचं जेवण बंद, दुपारी नुसती भाकरी-भाजी. वजन झरझर उतरलं, साखर आटोक्यात आली, आणि आता जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. वर मैत्रीण म्हणतेय, प्रोटीन पावडरचा डबा चालू कर, आणि तुम्ही विचारताय, घेऊ का? तेल-साखर-मीठ कमी करा वगैरे तुम्हाला कळतंच, ते सोडून देते.

तुमचं जे उतरलंय ती सगळी चरबी नसणार, स्नायूही गेले असणार. तिशीनंतर स्नायू दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के घटतात आणि साठीनंतर ही घसरण वाढते. त्यात पोटाला चिमटा काढून वजन उतरवलं की आणखी भर. वजनकाट्याला चरबी काय नि स्नायू काय, सारखंच. घरी बघायचं तर खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर बांधा आणि सलग पाच वेळा उठा-बसा. १५ सेकंदांहून जास्त लागले तर पायांत ताकद कमी आहे असं समजा. घरात कुणी असतानाच करा.

मला सगळ्यात महागात पडलं ते एक वेलनेस केंद्र. नाव घेत नाही. सकाळी गोल करून बसवायचे, एकेकीचं वजन घ्यायचे, कमी भरलं की टाळ्या आणि छातीवर बिल्ला. दोन जेवणांच्या जागी पावडरचा शेक. पुढे पुढे पाच लिटरचा तेलाचा डबा खालून ओट्यावर ठेवायला जमेना. तिथं सांगितलं तर म्हणे, शरीरातली घाण बाहेर पडतेय, चांगलं लक्षण आहे! रक्ताचा रिपोर्ट पुढे केला, तर उघडूनसुद्धा बघितला नाही. बी-१२ पार तळाला गेलं होतं, ते आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं. पैसे परत मागितले तर 'सील फोडलं की परत नाही', आणि वर, आणखी दोघींना घेऊन या, तुमचा डबा स्वस्तात देतो. एवढ्या सगळ्यात कुणी एकदाही हातात किलोभर वजन दिलं नाही. असो. विषय निघाला की अजून डोकं तापतं.

आता जेवण. भाकरी चांगलीच, पण ज्वारी असो की गहू, पिठात सत्तरेक टक्के पिष्टच. प्रथिनं मोजा. आपल्याकडची शिफारस किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम आहे. उतारवयात बरेच तज्ज्ञ १ ते १.२ सांगतात. म्हणजे साठ किलोच्या बाईला ६० ते ७० ग्रॅम. अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा-सात, शंभर ग्रॅम कोरड्या कडधान्यात वीस-बावीस. नुसत्या आमटीच्या पाण्यावर हे भागत नाही. मटकीची घट्ट उसळ, पिठलं, हुलग्याचं माडगं, दही असं प्रत्येक जेवणात काहीतरी हवं. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालंय, पण आपल्याच ताटात तो दिसत नाही. नवा घ्या, रात्री भिजवा, मऊ शिजतो. आणि रात्रीचं जेवण परत सुरू करा, हे माझं ठाम मत.

किल्ला सोडू नका, पण रोज नको. उतरताना गुडघ्यांवर जास्त भार येतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तेवढं सगळ्यांना पाठ असतं. त्याच्याच पुढे किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम करा असंही लिहिलंय, ते कुणी वाचत नाही. तालमीतल्या बैठका एकदम मारू नका. खुर्चीवरून उठबस, भिंतीवर जोर, टाचा उचलणं, दोन्ही हातांत तांदळाच्या पिशव्या धरून घरात फेऱ्या. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या नाहीत तर हातातलं वजन वाढवा.

मी डॉक्टर नाही. प्रथिनं वाढवण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी चाचणी) तपासून घ्या, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर माझं ऐकूच नका. साखरेची गोळी चालू असेल तर खाणं घटल्याचं डॉक्टरांना सांगितलंय का? काही गोळ्या घेऊन उपाशीपोटी चढण चढलं की साखर एकदम खाली येते. खिशात गूळ-साखर ठेवा.

पावडर म्हणजे विष नव्हे. जेवणातून आकडा गाठत नसेल तर साधी व्हे (दुधातल्या प्रथिनांची) किंवा सोया पावडर घ्या, पण औषधाच्या दुकानातून, आणि एका चमच्यात प्रथिनं किती नि साखर किती ते डब्याच्या मागे वाचून. मैत्रिणीचा डबा कुठला आहे ते कळवा, मागच्या बाजूचा फोटो टाकलात तर बघून सांगते.