सीए व्हायचंय, मग लेणी कशाला?

(वाचकांची पत्रं आणि नाशिकच्या एका निवृत्त वाणिज्य प्राध्यापिकेची उत्तरं. या वेळची पत्रं पदवीच्या 'इतर' विषयांबद्दलची.)

मॅडम, माझी मुलगी नाशिकला बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. सीए फाउंडेशनचा क्लासही लावलाय. सिन्नरहून रोज एसटीनं ये-जा. कॉलेजात मुख्य विषय सोडून ओपन इलेक्टिव्ह, भारतीय ज्ञान प्रणाली, मूल्यशिक्षण असं काय काय आहे. ओपन इलेक्टिव्हला इतिहास घेतलाय, म्हणजे घ्यावा लागलाय. आता म्हणे पांडवलेण्यांवर असाइनमेंट. हिशेबाच्या पोरीला याचा काय उपयोग? हे काढून का टाकत नाहीत? – एक पालक, सिन्नर

काढून टाकणं कॉलेजच्या हातात नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आलं आणि त्याला धरून राज्य सरकारनं २० एप्रिल २०२३ च्या निर्णयात क्रेडिटचा, म्हणजे अभ्यासाच्या तासांच्या मापाचा, आराखडा दिला. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट. त्यातली १० ते १२ ओपन इलेक्टिव्हची, आणि तो विषय आपल्या विद्याशाखेबाहेरचाच हवा. म्हणून कॉमर्सवालीला इतिहास.

पण लेण्यांचं म्हणाल तर तुमच्या मुलीला लॉटरी लागलीय. तिला म्हणावं, दहा नंबरच्या लेण्यात जा. नहपान राजाचा जावई उषवदात यानं तिथं लेख कोरून ठेवलाय, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्यात त्यानं ३,००० कार्षापणांची (तेव्हाची नाणी) ठेव ठेवल्याचं लिहिलंय. मंदिरात नाही, राजवाड्यात नाही, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे. गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूर रोडच्या पुढचंच, जिथं आज मुक्त विद्यापीठ आहे. २,००० एका श्रेणीकडे, शेकडा एक टक्का महिना व्याजानं. १,००० दुसरीकडे, पाऊण टक्क्यानं. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. लेण्यात वर्षावासाला (पावसाळ्यातल्या मुक्कामाला) राहणाऱ्या वीस भिक्षूंना कापडासाठी प्रत्येकी बारा कार्षापण.

आता तुम्हीच आकडेमोड करा. २,००० वर महिना एक टक्का म्हणजे वर्षाला २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, २४०. ताळा जुळला! उरलेल्या हजाराचे वर्षाला नव्वद, ते भिक्षूंच्या इतर खर्चाला. शिवाय हा सगळा व्यवहार निगमसभेत (नगराच्या सभेत) वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला, असंही त्यात आहे. कॉर्पस फंड, ट्रस्ट डीड, नोंदणी, सगळं एका भिंतीवर. दोन श्रेणींना दोन दर का, हे मात्र लेख सांगत नाही. एकीची पत मोठी म्हणून? रक्कम कमी म्हणून? यावर मुलीशी जेवताना वाद घाला. मी आयुष्यभर अकाउंट्स शिकवलं, पण ट्रस्टचे हिशेब समजावायला याहून चांगलं उदाहरण मला पाठ्यपुस्तकात सापडलं नाही.

तुमचा राग मला मान्य आहे, फक्त तो वळवा. हे विषय आहेत ही तक्रार नको. ते दोन-दोन क्रेडिटचे तुकडे करून ताटात वाढलेत, ही तक्रार करा. एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास. दोन क्रेडिटचा इतिहास तीस तासांत. त्यात हजेरी, चाचणी, सुट्ट्या. ताटात सतरा वाट्या आणि प्रत्येकीत चमचाभर, मग पोट कसं भरायचं?

माझा भाचा अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्स शिकतो, त्यालाही तत्त्वज्ञान घ्यावं लागलं. म्हणजे आपण त्यांचीच नक्कल केली का? – एक वाचक, इंदिरानगर

तिकडे ही पद्धत जुनी आहे. कोलंबिया विद्यापीठानं पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, समकालीन संस्कृतीवर सगळ्यांसाठी एक कोर्स सुरू केला. तो आजही चालतो, वर्षभर, लहान गटात, चर्चेनं. हार्वर्डनं तर आपली रचना वेळोवेळी मोडून नवी केली. त्यांच्याकडे आठ सक्तीचे विषयगट झाले होते. २०१९ पासून ते चारवर आणले: कला-संस्कृती, नीती व नागरिकत्व, इतिहास व समाज, विज्ञान-तंत्रज्ञान आणि समाज. बाकी वेगवेगळ्या विषयांची ओळख व्हावी म्हणून मुलं विभागांचे नेहमीचेच कोर्स घेऊ शकतात. नक्कल करायचीच तर ही काटछाट उचलावी की!

आणि आपल्याकडेही हे नवं नाही. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगानं पदवीच्या मुलांना सामान्य शिक्षण द्या असं सांगितलंच होतं. पर्यावरणाचा विषय सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशातून आला, पुढे युजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) सहा महिन्यांचा अभ्यासक्रम केला. त्याचं काय झालं ते मी वर्गात पाहिलंय. प्रोजेक्ट झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळायचे, स्पायरल बाइंडिंगसकट. एकानं कानपूरच्या चामड्याच्या कारखान्यांवर पन्नास पानं आणून दिली. राहायला तो नासर्डीच्या काठी. तिच्या काळ्या पाण्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "मॅडम, ते सिलॅबसमध्ये नाही." मी त्याला पास केलं. नियमात बसत होतं.

मी तासिका तत्त्वावर (सीएचबी) समाजशास्त्र शिकवतो. आमच्याकडे मेजरची (मुख्य विषय घेणारी) मुलं घटलीत, ओपन इलेक्टिव्हवरच वर्कलोड टिकून आहे. तुम्ही तुकडे कमी करा, सुधारणा करा म्हणता, ती झाली की आमचे तास जातील. – एक प्राध्यापक, नाशिक रोड

सर, तुम्ही खरं बोललात. विषय मुलांना हवा म्हणून किती वेळा ठेवला जातो आणि विभागाचे तास भरायला किती वेळा, हे स्टाफरूममध्ये बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. बैठकीत मात्र 'विद्यार्थी हित' हाच शब्द.

पण घाबरण्याआधी गणित बघा. ओपन इलेक्टिव्हची १२ क्रेडिट धरली तर तास १८०. ते दोन-दोनचे सहा पेपर करा किंवा चार-चारचे तीन करा, तास १८०च राहतात. कमी होतात त्या परीक्षा, पेपर सेटिंग आणि मार्कांच्या याद्या. फायदा तुमचाही आहे.

अडचण वाटपात आहे, हे नाकारत नाही. आज सहा विभागांना थोडं थोडं मिळतं, उद्या तिघांनाच भरपूर. म्हणून मी म्हणते की एक कोर्स दोघांनी वाटून घ्यावा. लासलगावच्या कांद्याच्या लिलावावर साठ तासांचा कोर्स असेल तर तीस तास अर्थशास्त्राचे, तीस समाजशास्त्राचे. भाव कसा ठरतो हे ते सांगतील. आडत्या, हमाल, शेतकरी यांचं नातं तुम्ही सांगा. मुलांना सकाळी मार्केटात न्या, झेरॉक्सवाल्याकडे तो प्रोजेक्ट मिळणार नाही. स्वायत्त कॉलेजांना स्वतःचं अभ्यास मंडळ असतं, त्यांनी हे लगेच मांडावं. बाकीच्यांना पुणे विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडून विद्या परिषदेपर्यंत जावं लागेल. त्याला वेळ लागतो, आणि तोवर तुमचा सीएचबीचा करार दरवर्षी नव्यानं होणार, हा अन्याय मी या स्तंभातून सोडवू शकत नाही.

मी बी.एस्सी.ला आहे. ओपन इलेक्टिव्हच्या यादीत बरेच विषय होते, मला भाषाशास्त्र हवं होतं. कॉलेज म्हणालं दोनच चालू आहेत, त्यातला घे. काही करता येईल का? – विद्यार्थिनी, पिंपळगाव बसवंत

करून बघ. युजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरून करता येतात, पण विद्यापीठानं आणि कॉलेजनं तो कोर्स मान्य करायला हवा. म्हणून आधी फॉर्म भरू नकोस. स्वयमच्या साइटवरून कोर्सचं नाव, आठवडे आणि क्रेडिट उतरवून घे, प्राचार्यांच्या नावे अर्ज कर, परीक्षा विभागालाही प्रत दे. 'तोंडी हो' म्हणाले तर ते हो समजू नकोस. तुझं अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं (मिळवलेली क्रेडिट जमा होतात ते) खातं डिजीलॉकरवर उघडलंय का ते तपास. तिथं जमा झालेली क्रेडिट सात वर्षांपर्यंत चालतात. सोबत आणखी चार-पाच मुलींच्या सह्या मिळाल्या तर सोन्याहून पिवळं. मुलं मागतात हे दिसलं तर पुढच्या वर्षी यादी बदलू शकते. अर्जाची पोच मात्र तारीख-शिक्क्यासह घे.