मशीन शॉपची जबाबदारी घेताना

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

मशीन शॉप, म्हणजे धातूचे भाग यंत्रावर कापून घडवणारा विभाग, आता तुझ्याकडे आले, हे वाचून मनापासून आनंद झाला. आधी यंत्रांच्या प्रोग्रॅमिंगचा आणखी एक अभ्यासक्रम उरकावा आणि मग माणसांकडे बघावे, असे तू लिहिले आहेस. हा क्रम उलटा कर, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

तुझे तांत्रिक ज्ञान कितीही पक्के असले, तरी ते वापरायला लागणारी माहिती यंत्रावर उभ्या असलेल्या माणसापाशी असते. इन्सर्ट (हत्याराचे कापणारे बदलते टोक) झिजला, बोअरचे (भागातल्या छिद्राचे) माप मर्यादेच्या कडेला आले, हे ऑपरेटरला सर्वांत आधी कळते. मागे नापास झालेल्या मालावरून चारचौघांत त्याची खरडपट्टी निघालेली असेल, तर तो गुपचूप ऑफसेट (यंत्रात भरलेली हत्याराच्या मापाची दुरुस्ती) बदलतो आणि आधीचे संशयास्पद नग चांगल्या मालाच्या ट्रेमध्ये सरकवतो. मग तू तपासणीचे कागद चाळत कारण शोधत बसणार, आणि ते कागदावर उतरलेलेच नसणार.

कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटच्या मोटार कारखान्याचा तू मुद्दाम अभ्यास कर. गैरहजेरी आणि सदोष गाड्यांसाठी बदनाम झालेला तो कारखाना जनरल मोटर्सने 1982 मध्ये बंद केला. 1984 मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला तेव्हा बहुतेक कामगार जुनेच होते, संघटनाही तीच होती, तरीही थोड्याच काळात त्याच्या गाड्यांच्या दर्जाची वाखाणणी होऊ लागली. दोष दिसताच दोरी ओढून मदत मागण्याचा आणि वेळ पडल्यास लाइन थांबवण्याचा अधिकार कामगाराला मिळाला होता, आणि दोरी ओढली की गटप्रमुख मदतीला धावून येई. जनरल मोटर्सने पुढे आपल्या इतर कारखान्यांत तशा दोऱ्या लावल्या. पण ती ओढणाऱ्यावर न चिडणारे वरिष्ठ तयार व्हायला कितीतरी वर्षे गेली. त्याच दशकात कंपनीने रोबोंवर ओतलेल्या अफाट पैशाने हे काम झाले नाही.

ड्रॉइंग न कळणाऱ्याने शॉप चालवावे, असे मी म्हणत नाही. असे अज्ञान कामगार पहिल्याच दिवशी ओळखतात. पण तेवढी तयारी तुझी झालेली आहे.

पाळी बदलताना रोज शॉपवर उभी राहा. बोलायचे ते कमी बोल आणि चूक स्वतःहून सांगणाऱ्याचे सर्वांसमक्ष आभार मान. कोणी सूचना केली, तर तिचे पुढे काय झाले हे त्याला आठवड्याच्या आत सांग, नकार असला तरी कारणासह सांग. पहिल्या महिन्यात कोणी काय सांगितले, ते मला सविस्तर कळव.

तुझा हितचिंतक