ड्रीमकास्ट एवढा चांगला होता, तर सेगाने कन्सोल बनवणं का सोडलं?

तुमचा प्रश्न असा आहे की ड्रीमकास्ट, म्हणजे सेगा या जपानी कंपनीचा शेवटचा कन्सोल (टीव्हीला जोडून गेम्स खेळायचं यंत्र), काळाच्या पुढचा होता असं सगळे म्हणतात, मग सोनीचा प्लेस्टेशन २ येताच तो एवढ्या लवकर का आटोपला, आणि सेगाला पैसा कमी पडला की गेम्स?

गेम्स कमी पडले नाहीत. पैसा कमी पडला, पण त्याचं मूळ ड्रीमकास्टमध्ये नाही. माझ्या मते ड्रीमकास्टचा निकाल १९९४-९५ मध्येच लागला होता, तो बाजारात येण्याच्या चार वर्षं आधी.

आधी हा धंदा चालतो कसा ते पाहू. यंत्रावर कंपनीला फारसं काही सुटत नाही, कित्येकदा ते तोट्यातच विकलं जातं. खरी कमाई गेम्सवर होते. स्वतःचे गेम्स तर असतातच, शिवाय इतर कंपन्या त्या यंत्रासाठी जे गेम्स काढतात त्यांच्या प्रत्येक प्रतीमागे रॉयल्टी मिळते. म्हणून गिऱ्हाईक, दुकानदार आणि गेम बनवणाऱ्या कंपन्या या तिघांनाही वाटावं लागतं की हे यंत्र पुढची चार-पाच वर्षं टिकणार आहे. सेगाने या तिघांचाही विश्वास गमावला, आणि तोही वर्षभराच्या आत.

तोवर सगळं छान चाललं होतं. अमेरिकेत निन्टेंडोची जवळपास मक्तेदारी असताना सेगाने १९८९ मध्ये तिथे जेनेसिस हा कन्सोल आणला. जपानमध्ये हेच यंत्र मेगा ड्राइव्ह या नावाने वर्षभर आधी आलं होतं. सेगा ऑफ अमेरिकाचे प्रमुख टॉम कलिन्स्की यांनी किंमत उतरवली, १९९१ मध्ये आलेला 'सॉनिक' हा गेम यंत्रासोबतच द्यायला सुरुवात केली, आणि जाहिरातींमध्ये निन्टेंडोचं नाव घेऊन त्यांना अंगावर घेतलं. निन्टेंडोशी अशी बरोबरीची टक्कर तोपर्यंत कोणीच दिली नव्हती. (आपल्याकडे ही लढाई फारशी पोचलीच नाही. नव्वदच्या दशकात आपण टीव्हीला जोडून ज्यावर मारिओ आणि काँट्रा खेळायचो, ती बहुतेक यंत्रं निन्टेंडोच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या.)

मग घसरण सुरू झाली. जेनेसिसला जोडायचा सेगा सीडी आधीच आला होता. नोव्हेंबर १९९४ मध्ये अमेरिकेत ३२एक्स नावाचं आणखी एक जोडयंत्र आलं, किंमत जवळपास १६० डॉलर. आणि त्याच आठवड्यात जपानमध्ये सेगाने पुढच्या पिढीचा सॅटर्न विकायला काढला! म्हणजे ३२एक्स दुकानात लागला तेव्हाच त्याचा वारसदार हजर होता. अशा यंत्रासाठी गेम्स कोण बनवणार? जगभरात मिळून त्याला चाळीसच्या आसपास गेम्स मिळाले. ज्यांनी आई-वडिलांकडे हट्ट करून तो घ्यायला लावला, त्या मुलांनी सेगाच्या पुढच्या यंत्राकडे संशयाने पाहिलं यात मला नवल वाटत नाही.

याहून मोठा घाव ११ मे १९९५ चा. लॉस एंजेलिसमध्ये ई३ हे व्हिडिओ गेम्सचं प्रदर्शन पहिल्यांदाच भरलं होतं. अमेरिकेत सॅटर्न २ सप्टेंबरला येणार असं जाहीर झालेलं होतं. कलिन्स्कींनी व्यासपीठावरून सांगितलं की सॅटर्न आजपासूनच दुकानात आहे, ३९९ डॉलरला. हा निर्णय जपानमधून आला होता, सोनीच्या नव्या कन्सोलच्या, प्लेस्टेशनच्या, आधी बाजार गाठायचा म्हणून. पण माल फक्त चार निवडक साखळी दुकानांना दिला होता. बाकीचे दुकानदार भडकले, केबी टॉइजने तर सेगाचा माल ठेवणंच बंद केलं. बाहेरच्या गेम कंपन्या सप्टेंबरच्या तयारीत होत्या, त्यामुळे सुरुवातीचे कित्येक महिने सॅटर्नवर बहुतेक सेगाचेच गेम्स होते. त्याच दिवशी सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, प्लेस्टेशनची किंमत म्हणून फक्त '२९९' एवढंच म्हणाले आणि खाली उतरले. सरळ शंभर डॉलरचा फरक.

सॅटर्नच्या पोटातही अडचण होती. त्यात हिताचीचे दोन मुख्य प्रोसेसर आणि चित्रासाठी आणखी दोन चिप्स होत्या. हे सगळं एकत्र राबवून घेणं भल्याभल्या प्रोग्रॅमरना जड जायचं. प्लेस्टेशनवर थ्रीडी गेम बनवणं त्यामानाने सोपं होतं. गंमत म्हणजे सोनी या बाजारात उतरली ती निन्टेंडोमुळे. दोघे मिळून सीडी चालवणारा कन्सोल बनवत होते, पण १९९१ मध्ये निन्टेंडोने ऐनवेळी फिलिप्सशी हात मिळवले, आणि सोनीच्या केन कुतारागींनी ते काम पुढे नेऊन स्वतंत्र प्लेस्टेशन उभा केला. तो १० कोटींच्या वर विकला गेला. सॅटर्न एक कोटीपर्यंतही पोचला नाही.

ड्रीमकास्ट आला तो या पार्श्वभूमीवर. अमेरिकेत ९ सप्टेंबर १९९९, किंमत १९९ डॉलर, इंटरनेटला जोडायला आतच मोडेम, पहिल्याच दिवशी १८ गेम्स. मला तो सेगाचा सर्वांत नेटका कन्सोल वाटतो, आणि सुरुवातीची विक्रीही जोरात झाली. पण क्रीडा गेम्समधली सर्वांत मोठी कंपनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स त्याच्यासाठी एकही गेम द्यायला तयार झाली नाही. सोनीने मार्च १९९९ मध्येच प्लेस्टेशन २ ची घोषणा केल्यामुळे बरेच लोक थांबून राहिले. ते यंत्र डीव्हीडी चालवायचं, म्हणजे एका खर्चात डीव्हीडी प्लेयरही घरात यायचा. भरीला ड्रीमकास्टचे गेम्स कॉपी करणं सोपं निघालं. तरीही मागची पुण्याई शाबूत असती तर सेगाने हे सगळं पचवलं असतं असं माझं ठाम मत आहे. सॅटर्नच्या काळात झालेला तोटा एवढा होता की किंमत उतरवत तग धरायला हातात काही उरलं नव्हतं.

३१ जानेवारी २००१ ला सेगाने ड्रीमकास्टचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. तोवर आणि नंतर मिळून ९० लाखांच्या वर ड्रीमकास्ट विकले गेले. अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी स्वतःचे शेअर्स कंपनीला देऊन आणि कंपनीकडचं आपलं येणं माफ करून तिला बुडू दिलं नाही. त्याच मार्चमध्ये ते वारले. वर्ष संपायच्या आत सॉनिक निन्टेंडोच्या यंत्रांवर धावू लागला, आणि सेगाची रिकामी जागा नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स आणून घेतली. सेगा ऑफ अमेरिकाचे तेव्हाचे प्रमुख पीटर मूर पुढे २००३ मध्ये त्याच एक्सबॉक्सच्या कामावर रुजू झाले.

ड्रीमकास्टचं मोल स्वतः पाहायचं असेल तर त्यावरच्या 'शेनम्यू' या गेमपासून सुरुवात करा. २०१८ मध्ये त्याचे पहिले दोन भाग प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि पीसीवर पुन्हा आले आहेत, त्यामुळे जुनं यंत्र शोधत फिरावं लागणार नाही.